तासाभराच्या अंतरावरचे मूल

चांदवडहून नाशिक साठ-पासष्ट किलोमीटर. मुंबई–आग्रा महामार्ग रुंद झाल्यापासून वडाळी भोई, पिंपळगाव बसवंत, ओझर, आडगाव ही गावे मागे टाकत गाडी तास-सव्वा तासात शहरात शिरते. धडधाकट माणसाला आता हे अंतर जाणवतही नाही. पण ज्या मुलाची आकडी अर्ध्या तासात थांबलेली नाही, ज्याचे पोट श्वासागणिक उडते आहे किंवा ज्याचे पाय गुडघ्यापर्यंत गार पडले आहेत, त्याच्यासाठी हाच रस्ता फार लांब आहे. डोंगराकडेच्या वस्तीवरून मोटारसायकलवर मुलाला चांदवडपर्यंत आणण्यात गेलेला वेळ त्याआधीचा. बालअतिदक्षता या विषयाची ओळख करून द्यायची तर सहसा एखाद्या महानगरातल्या सुसज्ज विभागापासून सुरुवात होते. या पुस्तकाच्या आरंभी मी ती चांदवडपासून करतो आहे, कारण बालअतिदक्षतेची फेलोशिप करणारा डॉक्टर नेमके काय शिकला याची खरी परीक्षा या रस्त्यावर होते, असे माझे ठाम मत आहे.

तालुका पर्जन्यछायेतला. पाणी साठवायचे म्हणून शेतकऱ्यांनी शेततळी खोदली आणि २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यावर ती राज्यभर वाढली. तळाला नि उतारांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की मोठ्या माणसाचाही पाय त्यावर ठरत नाही, मग खेळता खेळता घसरलेल्या पाच वर्षांच्या मुलाला वर कसे येता येईल? टोमॅटोवर, द्राक्षांवर फवारायचे औषध कधी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून घरातच ठेवलेले असते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, आणि चावल्याची खूण शोधूनही सापडत नाही. महामार्गावरचे अपघात आहेत. शिवाय जे आजार सगळीकडे असतात ते इथेही आहेत: न्यूमोनिया, जुलाब, डेंग्यू, मेंदूज्वर, थेट बेशुद्धीतच उघडकीस येणारा मधुमेह. जगातल्या कुठल्याही बालअतिदक्षता अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका घ्या, तिच्यातले बहुतेक धडे या एका तालुक्यात घडतात.

या विषयाला वेगळे प्रशिक्षण कशाला, बालरोगात एमडी झालेला डॉक्टर पुरत नाही का, असा प्रश्न पालकच नव्हे तर काही डॉक्टरही विचारतात. उत्तर मुलाच्या शरीरात आहे. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात एकूण रक्त साधारण ८०० मिलिलिटर असते. पाच किलोच्या बाळाचे दोन पेले रक्त गेले की काही उरतच नाही. बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास ४ मिलिमीटर धरला आणि आतल्या अस्तराला सगळीकडून केवळ १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास अर्धा होतो आणि हवेला होणारा विरोध सोळा पट वाढतो. तेवढीच सूज मोठ्या माणसाच्या घशात आली तर आवाज बसतो, इतकेच. व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या दहा किलोच्या मुलाला एका श्वासात द्यायची हवा ६० मिलिलिटरच्या आसपास. औषधे सरसकट ठरलेल्या मात्रेत नाहीत तर किलोमागे मोजायची, आणि दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते.

सगळ्यांत फसवा असतो रक्तदाब. मोठ्या माणसाचा रक्तदाब उतरू लागला की डॉक्टर सावध होतात. मुलाचे शरीर ठोके वाढवून, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवते. तो उतरलेला दिसतो तेव्हा हातातला वेळ सरत आलेला असतो. म्हणून फेलोला पहिल्या महिन्यापासून यंत्राच्या पडद्याआधी मुलाकडे बघायला शिकवतात. आईकडे बघून ओळख देते का, रडण्यात जोर आहे का, नाकपुड्या फुलतात का, बोट दाबून सोडल्यावर त्वचेचा रंग तीन सेकंदांत परत येतो का, सहा तासांत लघवी झाली का. यातल्या एकाही गोष्टीला वीज लागत नाही. चांदवडच्या दवाखान्यात आणि परळच्या वाडिया रुग्णालयात ही तपासणी सारखीच होऊ शकते. फरक पडतो तो ती किती वेळा केली आणि तिच्यातून काय समजले यात.

वजनाच्या नियमालाही अपवाद असतात आणि ते माहीत नसले तर जीव जातो. सापाच्या विषावरची लस मुलाला मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते, कारण मूल लहान म्हणून सापाने विष कमी सोडलेले नसते. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्या मुलाला ॲट्रोपीन किती द्यायचे, तर छातीतला खळखळाट थांबेपर्यंत, दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत. पहिल्यांदा हे करणाऱ्या डॉक्टरचा हात थरथरतो. पुस्तकात वाचलेला आकडा आणि समोर रिकाम्या होत जाणाऱ्या ॲम्प्यूल यांच्यातले अंतर अनुभवी शिक्षकाशेजारी उभे राहूनच पार होते.

या शास्त्राचा जन्मही अशाच आणीबाणीत झाला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात रोज डझनावारी रुग्ण येत होते, त्यांत मुले पुष्कळ होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांपैकी बहुतेक मरत होते, आणि त्या काळची लोखंडी फुप्फुसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावण्यात आले. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन त्यांनी नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती मुलगी जगली. पुढचे काही महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले आणि हाताने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. याच अनुभवातून अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. केवळ मुलांसाठीचा पहिला विभाग १९५५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला गोरान हॅग्लुंड यांनी उभारला. अमेरिकेत १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात जॉन डाउन्स यांनी तो सुरू केला. सोडल्यावर आपोआप फुगणारी ॲम्ब्यू बॅग १९५६ मध्ये कोपनहेगनमध्येच तयार झाली आणि आज ती आपल्या तालुक्याच्या रुग्णवाहिकेतही असते.

मण्यार चावलेल्या मुलाबद्दल वर लिहिले, त्याच्या बाबतीत कोपनहेगनची गोष्ट आजही जशीच्या तशी घडू शकते. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, पापण्या उचलत नाहीत, बाहुल्याही प्रतिसाद देईनाशा होतात. मूल गेले असे वाटते. प्रत्यक्षात ते आत पूर्ण शुद्धीवर असू शकते, आजूबाजूचे बोलणे ऐकत असू शकते. नीट श्वास मिळत राहिला तर काही दिवसांत विषाचा अंमल उतरतो आणि मूल चालत घरी जाते. म्हणजे चांदवडपासून नाशिकच्या दारापर्यंत कुणीतरी न थांबता बॅग दाबत राहणे एवढ्यावर एक संपूर्ण आयुष्य अवलंबून असते. हे ज्याने एकदा पाहिले तो डॉक्टर पुढे कुणालाही घाईने मृत घोषित करणार नाही.

भारतात ही शाखा १९९० च्या दशकात आकाराला आली. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. सुनीत सिंघी, मुंबईत डॉ. सुनू उदानी, चेन्नईत डॉ. सुचित्रा रणजित अशा मोजक्या लोकांनी आधी विभाग उभे केले आणि मग त्यांतून विद्यार्थी घडवले. क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. आज वाटा अनेक आहेत. एमडी किंवा डीएनबीनंतर तीन वर्षांचे डीएम किंवा डीआरएनबी, त्यासाठी नीट-एसएस परीक्षा. बालरोग अकादमीचा अतिदक्षता विभाग आणि क्रिटिकल केअर सोसायटी यांचे एकत्रित अभ्यासक्रम. विद्यापीठांच्या फेलोशिप. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे, म्हसरूळला. कोणती वाट निवडावी याची चर्चा विद्यार्थी रात्र रात्र करतात. मला ती दुय्यम वाटते. प्रमाणपत्र कुणाचे यापेक्षा त्या विभागात वर्षाला किती आणि कोणत्या आजाराची मुले येतात, रात्री दोन वाजता वरिष्ठ डॉक्टर खाटेजवळ येतात की फोनवरून सांगतात, झालेल्या प्रत्येक मृत्यूवर आठवड्याच्या बैठकीत मोकळी चर्चा होते का, हे विचारून मग प्रवेश घ्यावा.

प्रशिक्षणात नळी टाकायला, मोठ्या शिरेत कॅथेटर घालायला, व्हेंटिलेटरचे आकडे जुळवायला शिकतात. हाताची ही कामे सरावाने जमतात. त्याहून अवघड असते ती पारख. तिचे सगळ्यांत बोलके उदाहरण आफ्रिकेतले आहे. तापाने शॉकमध्ये गेलेल्या मुलाला पहिल्या तासात शिरेतून झपाट्याने सलाईन द्यायचे, ही अतिदक्षतेतली जवळजवळ निर्विवाद गोष्ट मानली जात होती. केनिया, युगांडा आणि टांझानियात ३,१४१ मुलांवर झालेल्या ‘फीस्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. झपाट्याने अल्ब्युमिन किंवा सलाईन दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू अनुक्रमे १०.६ आणि १०.५ टक्के, तर यांपैकी काहीच झपाट्याने न दिलेल्यांत ७.३ टक्के. जिथे सलाईननंतर फुप्फुसात पाणी झाले तर सांभाळायला व्हेंटिलेटर नाही, जिथे अनेक मुले रक्तक्षय आणि मलेरियाने आधीच खंगलेली, तिथे श्रीमंत देशांतला नियम मुलांना मारत होता. हा अभ्यास मी प्रत्येक फेलोने पहिल्याच आठवड्यात वाचावा असे म्हणेन. त्यातून सलाईन वाईट असा धडा घ्यायचा नाही. जुलाबाने सुकलेल्या मुलाला ते भराभर द्यावेच लागते. कोणते मूल, कुठल्या गावात, पुढच्या सहा तासांत हाताशी काय असणार आहे, हे विचारल्याशिवाय कोणताही नियम लावायचा नाही, एवढा तो धडा आहे.

डेंग्यूत ही पारख तासातासाला लागते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो. पोटात दुखते, उलट्या होतात, मूल चिडचिडे किंवा मलूल होते, हिमॅटोक्रिट चढते, नाडी बारीक होते. इथे सलाईन कमी पडले तर शॉक, जास्त झाले तर एक-दोन दिवसांनी बाहेर गेलेला द्रव परत रक्तात येतो तेव्हा फुप्फुसे भरतात. कांद्याच्या रोपाला पाणी कमी पडले तर पात सुकते नि जास्त झाले तर मूळ कुजते, हे ज्या तालुक्यात प्रत्येकाला ठाऊक आहे तिथल्या पालकांना ही गोष्ट एका वाक्यात पटते. डॉक्टरला मात्र ती दर तासाला लघवी मोजून, यकृत चाचपून, हिमॅटोक्रिट बघून, सलाईनचा वेग वरखाली करत पाळावी लागते. प्लेटलेटचा आकडा हा सगळ्या घराच्या काळजीचा विषय असतो, पण मुलाला वाचवतो तो हा तासागणिक भरलेला तक्ता.

उत्तरे नेहमी मोठ्या शहरातूनच येतात असेही नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली मुले घाम फुटून, हातपाय गार पडून, फुप्फुसात पाणी भरून मरत होती. दर दहांतले तीन-चार रुग्ण दगावत. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाशेजारी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे निरीक्षण छापले. पुढे रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशात वापरून दाखवले आणि मृत्यू शेकड्यात एखाद-दुसऱ्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज बालअतिदक्षतेच्या कुठल्याही भारतीय फेलोला विंचूदंशावर प्रश्न आला तर उत्तर महाडचे असते. ढाक्याच्या डॉ. जोबायेर चिश्ती यांनी न्यूमोनियाच्या मुलांसाठी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, उच्छ्वासाची नळी त्यात बुडवून फुप्फुसांना सतत दाब देणारे साधन केले. २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात साध्या ऑक्सिजनवरच्या मुलांपैकी १५ टक्के दगावली, या बाटलीवरच्यांपैकी ४ टक्के. अशा साधनाला कडक देखरेख लागते, नाहीतर ते घातक ठरू शकते, हेही फेलोशिपमध्ये शिकायचे असते. पण व्हेंटिलेटर नाही म्हणजे काहीच करता येत नाही, ही हतबलता या दोन डॉक्टरांनी कायमची खोटी ठरवली आहे.

आता खाटांविषयी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर तिसरी लाट मुलांवर येईल अशी भीती होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने २३,१२३ कोटी रुपयांची आपत्कालीन योजना मंजूर केली. देशातल्या सगळ्या ७३६ जिल्ह्यांत बालरुग्ण कक्ष आणि २०,००० नव्या अतिदक्षता खाटा, त्यांतल्या २० टक्के मुलांसाठी, असे तिचे स्वरूप होते. हा निर्णय योग्यच होता आणि मुलांची आठवण सरकारी कागदावर इतक्या ठळकपणे येणे ही मोठी गोष्ट होती. पण व्हेंटिलेटरची निविदा निघते, यंत्र येते, बसवले जाते, हे सगळे महिन्यांत होऊ शकते. ते चालवणाऱ्या डॉक्टरला एमबीबीएसला बसल्यापासून डीएम होईपर्यंत साडेअकरा वर्षे लागतात. आणि डॉक्टर एकटा काहीच करू शकत नाही. व्हेंटिलेटरवरच्या मुलाशेजारी शक्यतो एक परिचारिका सतत हवी. नळीत अडकलेला कफ, हळूच सरकलेली नळी, बाळाच्या ओठांचा बदललेला रंग सगळ्यांत आधी तिला दिसतो. ज्या फेलोने सिस्टरकडून शिकण्यात कमीपणा मानला तो अर्धवट शिकला. दुर्दैवाने प्रशिक्षणाची चर्चा निघाली की आपण डॉक्टरांच्या जागा मोजतो. बालअतिदक्षतेच्या परिचारिकांच्या प्रशिक्षणावर आणि त्यांना त्याच विभागात टिकवण्यावर कुणी फारसे बोलत नाही. त्यांची बदली सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात झाली की विभाग पुन्हा नव्याने सुरू करावा लागतो.

२०२१ या एका वर्षाने महाराष्ट्राला आणखी काही शिकवले. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. २१ एप्रिलला नाशकातल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. या घटना आठवून पोटात आजही कालवते. अतिदक्षता म्हणजे वीज, वायुवाहिनी, अग्निसुरक्षा, दरवाजे, रात्रपाळीची माणसे हे सगळे आहे. विभागातली ऑक्सिजनची झडप कुठे आहे, पुरवठा थांबला तर पहिली बॅग कुणी उचलायची, कोणत्या खाटेपासून मुले बाहेर काढायची, हे फेलोच्या परीक्षेत विचारले गेले पाहिजे.

पुन्हा रस्त्याकडे येतो. राज्यात १०८ क्रमांकाची सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असण्याची तिची पद्धत मोलाची आहे. तरीही गंभीर मुलाचा प्रवास हा स्वतंत्र कौशल्याचा भाग आहे. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटरने तो अडीच तास पुरतो. पण मूल जास्त प्रवाहाच्या यंत्रावर असेल आणि मिनिटाला तीस लिटर लागत असेल, तर पन्नास मिनिटांत संपतो, म्हणजे नाशिक यायच्या आत. हे गणित निघण्यापूर्वी मांडायचे असते. आकडी आलेल्या मुलाला पहिले औषध चांदवडलाच द्यायचे, नाकात फवारून मिडाझोलॅम देता येते, शीर सापडेपर्यंत थांबायचे नाही. शीर सापडतच नसेल तर नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन सुरू करायचे. शेततळ्यातून काढलेल्या मुलाला उलटे टांगून पोट दाबायचे नाही, आधी तोंडाने श्वास द्यायचे. आधी सावरायचे, मग हलवायचे. हे करणारा डॉक्टर चांदवडचा असतो. त्याच्याकडे फेलोशिप नसते, समोर घाबरलेले वीस नातेवाईक असतात आणि मूल दगावले तर रोष त्याच्यावर निघण्याची भीती असते. त्यामुळे अनेकदा तो लगेच ‘नाशिकला हलवा’ म्हणतो. मी त्याला दोष देत नाही. दोष असलाच तर तो अशा वेळी त्याला फोनवर सोबत न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आईला आधी कळते हेही इथे सांगायला हवे. बाळ ओढून दूध पीत नाही, रडणे वेगळेच वाटते, हे तिने सकाळीच ओळखलेले असते. पण गाडी काढायची, पैसे उचलायचे, शेतातले काम सोडायचे हा निर्णय बऱ्याच घरांत इतरांचा असतो आणि तोवर दुपार होते. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच चांदवडला भरले होते, हजारो-लाखो शेतकरी बायका आपल्या बरोबरीच्या हक्कासाठी इथे आल्या होत्या. त्या मागणीतला एक भाग आजारी मुलाच्या बाबतीत अजून पुरा व्हायचा आहे. फेलोने आजाराचा इतिहास विचारताना आधी आईला विचारावे, आणि ती सांगेल ते मधे न तोडता ऐकावे.

म्हणून माझी एक सूचना आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक बालअतिदक्षता फेलोने निदान एक महिना तालुक्याच्या किंवा उपजिल्हा रुग्णालयात काढावा. शिकवायला जायचे नाही, तिथल्या डॉक्टरच्या शेजारी उभे राहायला जायचे. दोन औषधे, एक ऑक्सिजन काँसंट्रेटर आणि एक सिस्टर एवढ्यावर गंभीर मूल तासभर कसे धरून ठेवतात ते पाहायचे. शिवाय मोठ्या विभागाने आपल्याकडे पाठवलेल्या प्रत्येक मुलाचे पुढे काय झाले हे पाठवणाऱ्या डॉक्टरला कळवावे, मूल वाचले तरी आणि गेले तरी. एका फोनला पाच मिनिटे लागतात. त्यातून पुढचे मूल अधिक सावरलेले येते. मालेगाव, मनमाड, नाशिक इथल्या सरकारी रुग्णालयांत अशा प्रशिक्षित डॉक्टरांसाठी पूर्ण पगाराची, कायम पदे निघाली तरच फेलो परत येतील. तळमळीच्या भाषणांनी कुणी येत नाही आणि यावे अशी अपेक्षाही करू नये. त्यांनाही घर आहे, मुले आहेत.

पैशांचा विषय टाळता येत नाही. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेने अनेक कुटुंबांना वाचवले आहे आणि तिची मर्यादा आता पाच लाखांपर्यंत नेली आहे. तरीही खाटेचे भाडे, बाहेरून आणलेले औषध, नातेवाइकांचे राहणे-खाणे यांत कांद्याचे एक पीक जाते. फेलोला रोज संध्याकाळी आईवडिलांशी बोलायचे असते. आज काय बदलले, उद्या काय अपेक्षित आहे, आणखी कोणत्या तपासण्या खरोखर गरजेच्या आहेत, हे स्पष्ट शब्दांत. वाचण्याची शक्यता उरलेली नसेल तर तेही त्याच स्पष्टपणे सांगायचे, आईला मुलाजवळ बसू द्यायचे, नळ्यांमधून वाट काढून त्याला मांडीवर घेऊ द्यायचे. हे संभाषण वरिष्ठांचे ऐकून ऐकूनच शिकता येते, आणि ज्या विभागात फेलोला ते ऐकायला बोलावत नाहीत तो विभाग अपुरे शिकवतो. बरे होऊन गेलेल्या मुलांकडेही पुन्हा वळून बघावे लागते. कित्येक मुले घरी गेल्यावर महिनोन् महिने रात्री दचकून उठतात, चालताना थकतात, शाळेत मागे पडतात. त्यांना पुन्हा बोलावून तपासण्याचा वार ठरवून ठेवायला हवा.

महाराष्ट्रात २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालील मृत्यू १८ होते, देशात ३२. लसीकरण, स्तनपान, ओआरएस, आशा कार्यकर्त्या यांनी मिळवलेले हे यश आहे. सोप्या उपायांनी वाचणारी मुले वाचू लागली की उरतात ती अवघड मुले, आणि बालअतिदक्षतेची गरज इथून वाढत जाते. हे पुस्तक त्या अवघड मुलांसाठी शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हाती जाते आहे.

वाचण्याच्या क्रमाविषयी एवढेच सुचवतो. व्हेंटिलेटरवरची लांब प्रकरणे फेलोशिपच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वाचली तरी चालतील, तेव्हा यंत्र समोर असेल आणि अर्थ लवकर लागेल. शॉक, आकडी, श्वासमार्ग, विषबाधा आणि रुग्णाचा प्रवास ही प्रकरणे रुजू होण्याआधी वाचावीत, आणि जमले तर आपल्या तालुक्यातल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाजवळ बसून वाचावीत. त्यांच्या कपाटात यांपैकी कोणती औषधे आहेत, मुलाच्या मापाचे मास्क आणि नळ्या कोणत्या आहेत, सिलिंडर कुठून भरून येतो, रात्री दोन वाजता गाडी कुणाची मिळते आणि कोणाला फोन केला तर तो उचलला जातो, हे त्यांना विचारून त्या त्या पानाच्या समासात लिहून ठेवावे.